लांबूनच बरे: मलेशियाच्या चिखलातले पक्षी आणि डिजिस्कोपिंग

मलेशियात सेलांगोर राज्याचा किनारा म्हणजे खारफुटी आणि चिखल. ओहोटी लागली की मलाक्काच्या सामुद्रधुनीचं पाणी पार आत जातं आणि समोर नुसता चकचकीत चिखल पसरतो. साधारण सप्टेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत या चिखलात सायबेरियाकडून आलेले किनारपक्षी चरत असतात. आपण बांधावर उभे आणि ते दीड-दोनशे मीटर पुढे. चिखलात उतरता येत नाही, आणि येत असतं तरी उतरू नये. कॅमेऱ्याला चांगली मोठी लेन्स लावली तरी फोटोत ठिपकेच येतात.

अशा ठिकाणी कामाला येतो तो ट्रायपॉडवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे छोटी दुर्बीण, जिच्यातून एकाच डोळ्याने बघतात. त्याच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, साधा डिजिटल कॅमेरा किंवा फोन लावायचा आणि फोटो काढायचा, यालाच डिजिस्कोपिंग म्हणतात. ही पद्धत जगभर पोचवण्यात इथल्याच एका माणसाचा मोठा वाटा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. लॉरेन्स पोह या मलेशियन पक्षिनिरीक्षकांनी १९९९ साली छोटा डिजिटल कॅमेरा स्कोपला लावून पाहिला आणि फोटो झकास आला. स्कोपला कॅमेरा जोडायची खटपट लोक फिल्मच्या काळातही करत, पण काय आलंय ते रोल धुतल्यावर कळायचं. आता फोटो लगेच स्क्रीनवर दिसू लागला. शिवाय निकॉन कूलपिक्स ९५० सारख्या त्या वेळच्या कॅमेऱ्यांची लेन्स इवलीशी होती आणि झूम करताना बाहेर येत नसे.

इवलीशी लेन्स हीच यातली गोम. आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत अगदी बारीक असतो आणि तो अशा लेन्समध्ये नीट मावतो. पुढचं भिंग ६५ मिमीचं असलेल्या स्कोपवर २० पट मोठं करून पाहिलं तर तो सव्वातीन मिमीचा, ६० पटींवर जेमतेम १.१ मिमीचा. म्हणजे उजेड एक-नवमांश होतो. त्यामुळे मी २० ते ३० पटींच्या पुढे सहसा जात नाही. ३० पटींवर ५० मिमीच्या लेन्सइतकं दृश्य घेणारा कॅमेरा लावला तरी १५०० मिमीच्या लेन्सइतकी पोच मिळते. आणखी काय हवं? फोटोभोवती काळं वर्तुळ आलं तर आयपीसचा रबरी काठ खाली फिरवायचा आणि कॅमेऱ्याचा झूम थोडा वाढवायचा. आधी डोळ्याने स्कोपचा फोकस नीट करून घ्यायचा, मग कॅमेरा लावून स्क्रीनवर बघत तो बारीकसा जुळवायचा. शटर बोटाने दाबलं की सगळं हलतं, म्हणून दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावायचा. बगळ्यासारखा पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवायचं, नाहीतर पिसांचा नुसता पांढरा ठिपका होतो.

उन्हावर मात्र इलाज नाही. नऊ-साडेनऊनंतर चिखलावरची हवा लहरायला लागते आणि कितीही महागाचा स्कोप असला तरी पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. म्हणून सकाळची भरती असलेले दिवस बघून जावं. पाणी चढायच्या आधी जाऊन गुपचूप बसायचं. मग पाणीच पक्ष्यांना आपल्याकडे आणतं, आपल्याला एक पाऊलही पुढे टाकावं लागत नाही.

पुढे न जाण्याला मी फार महत्त्व देतो. हे पक्षी हजारो किलोमीटर उडण्यासाठी अंगावर चरबी साठवत असतात. जवळून फोटो मिळावा म्हणून थवा उठवला तर तेवढ्या वेळाचं खाणं बुडतं आणि उडण्यात ताकद जाते ती वेगळीच. स्कोपमधून बघताना पक्ष्याला आपला पत्ताही नसतो. तो जे करत होता तेच करत राहतो. बाकदार चोचीचा एक कर्ल्यू सँडपायपर मी असाच बराच वेळ बघत होतो. चोच मुळापर्यंत चिखलात खुपसायची, दोन-तीनदा झटपट टोचायची, अळी ओढून काढायची आणि पाण्यात हिसळून गिळायची.

त्याच्या पायावर पिवळी झेंडी होती. सायबेरिया ते ऑस्ट्रेलिया या उड्डाणमार्गावर पक्ष्यांना पकडून, मोजमापं घेऊन, पायात रंगीत प्लास्टिकच्या झेंड्या घालून सोडतात. रंगावरून झेंडी कुठे घातली ते कळतं. नुसती पिवळी असेल तर वायव्य ऑस्ट्रेलिया, नारिंगी असेल तर ऑस्ट्रेलियातलंच व्हिक्टोरिया राज्य, वर काळी आणि खाली पांढरी असेल तर शांघायजवळचं चोंगमिंग बेट. बऱ्याच झेंड्यांवर अक्षरंही कोरलेली असतात आणि ती वाचता आली तर नेमका तोच पक्षी ओळखता येतो. नुसत्या डोळ्यांनी ती वाचताना E आणि F सारख्या अक्षरांत हमखास घोटाळा होतो, फोटो असला की घरी बसून शांतपणे तपासता येतं.

तुम्हाला आपल्या किनाऱ्यावर अशी झेंडी दिसली तर पक्षी आडवा उभा राहीपर्यंत थांबा, समोरून अक्षरं वाचता येत नाहीत. एकावर न थांबता लागोपाठ भरपूर फोटो काढा. झेंडी कोणत्या पायात आहे, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर आहे की खाली, दोन रंग असतील तर वरचा कोणता, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. तारीख आणि जागेसकट ही माहिती पक्ष्यांना झेंड्या घालणाऱ्या संस्थेकडे पाठवली की तो पक्षी कधी, कुठे पकडला होता ते त्यांच्याकडून कळतं.