पोकळ वाजते म्हणून पाडायची?

लंडनच्या ब्लूम्सबरीत बेडफर्ड स्क्वेअर आहे, १७७५ ते १७८३ मधे बांधलेला. मधे बाग आणि चारही बाजूंना एकमेकांना चिकटून उभी घरं, आता बहुतेक ऑफिसंच. आमचं काम होतं त्याच भागातल्या तशाच एका घरात. भाडेकरू कंपनीला पहिल्या मजल्यावर पुढची-मागची खोली एक करून मोठा हॉल हवा होता. काँट्रॅक्टरच्या माणसाने मधल्या भिंतीवर टकटक केलं, पोकळ आवाज आला, म्हणाला नुसतं पार्टिशन आहे, एका दिवसात काढतो.

मी म्हटलं थांबा, आधी आत बघू.

या घरांचं असं आहे की १७७४ च्या बिल्डिंग ॲक्टमुळे दोन घरांच्या मधली भिंत आगीच्या भीतीने जाड विटांची, पण घरातल्या आतल्या भिंती बऱ्याचदा लाकडाच्या. आणि पहिला मजला म्हणजे दिवाणखान्याचा, सगळ्यात उंच खिडक्या तिथेच, वर झोपायच्या खोल्या आणि माळ्यावर नोकर. म्हणजे एवढ्या मोठ्या खोल्यांच्या डोक्यावर अख्खे दोन मजले, मग त्यांचं वजन कशावर उभंय हा प्रश्न पडायलाच हवा ना!

मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीत प्लास्टर आधीच फुटलं होतं तिथून टॉर्च घालून बघितलं. आधी केस मिसळलेला चुना, त्यामागे हाताने चिरलेल्या वेड्यावाकड्या लाकडी पट्ट्या आणि त्यांच्या मागे एक जाडजूड तिरकं लाकूड, वरच्या आडव्या तुळईत खुंटी मारून बसवलेलं. सांध्याजवळ छिन्नीने कोरलेले रोमन आकडे, सुताराने खाली जमिनीवर सांगाडा जुळवून बघताना केलेल्या खुणा. हात लावला तर कडा अजून धारदार. ही भिंत नव्हतीच, अख्खा ट्रस होता, म्हणजे तिरक्या-आडव्या लाकडांचा सांगाडा, पुलाला असतो तसा, वरची जमीन पेलणारा. आणि थोडं पुढे कोणीतरी हीटिंगचा पाईप न्यायला तेच तिरकं लाकूड अर्ध्याहून जास्त कापलेलं! वरच्या खोलीत जमीन मधे का खचलीय, दाराच्या चौकटी तिरक्या का झाल्यात, सगळं एका क्षणात कळलं. खरं सांगते, अंगावर काटा आला, कारण तिथेच वर लोक रोज कपाटंच्या कपाटं फायली ठेवून बसत होते.

त्याच दुपारी वरची खोली रिकामी करायला लावली, खाली टेकू दिले, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावलं. लिस्टेड बिल्डिंग, म्हणजे वारसा म्हणून कायद्याने जपलेली इमारत असल्याने परवानगीशिवाय भिंत काढणं हा तसाही गुन्हाच आहे, पण मला राग कायद्यापेक्षा त्या करवतीचा आला. दोनशे वर्षांहून जास्त निमूट वजन पेललेलं लाकूड, आणि एका पाईपसाठी!

कंपनीच्या बाईंना बोलावून ते आकडे दाखवले तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. मोठ्या हॉलचा हट्ट त्यांनीच सोडला. दोन खोल्यांच्या मधे मूळचं दुपाखी दार होतंच, कपाटामागे बंद करून टाकलेलं, ते उघडायचं ठरलं. कापलेल्या लाकडाला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या बोल्टने आवळायच्या, आणि नेटवर्कच्या केबल्स बंद पडलेल्या धुराड्यातून वर न्यायच्या, म्हणजे कुठेच नवीन भोक पाडायला नको. तशी ड्रॉइंग्ज करून परवानगीचा अर्ज टाकलाय, तोवर टेकू जागेवरच आहेत.