विसावी कुर्ली

आमच्या शाळेतली दहावीची मुलं जाताना पडवीच्या आतल्या भिंतीवर एक गोल सोडून जातात. सावंतवाडी जवळ, म्हणून असेल, तो गोल गंजिफ्याच्या, म्हणजे तिथल्या जुन्या गोल पत्त्यांच्या, पानाचा असतो. दशावतारी गंजिफा १२० पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. राजा आणि प्रधान सोडले तर पानावर चिन्हं जितकी, तितक्या आकड्याचं ते पान. आमच्याकडेही तोच नियम. वर्गाने एक चिन्ह ठरवायचं आणि पटावर मुलं जितकी तितक्यांदा ते गोलात बसवायचं. खाली बारीक साल. नाव कुणाचंच नाही. जुन्या गोलांत चिन्हं दाटीवाटीने कोंबलेली आहेत, अलीकडचे मोकळे मोकळे दिसतात. कोकणातल्या शाळांचं काय चाललंय हे ज्याला कळून घ्यायचंय त्याने अहवाल वाचू नये, आमच्या पडवीत एक फेरी मारावी.

हे काम आम्ही कावीत करतो. तळकोकणात आणि गोव्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्यावर तांबडी नक्षी दिसते, ती कावी. दिसते म्हणजे जिथे जीर्णोद्धार झालेला नाही तिथे. जीर्णोद्धार झाला की तिच्यावर ऑइलपेंट बसतो, नाहीतर बाथरूमच्या टाइल्स, आणि वर देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाइटची पाटी. असो.

कावीतला कस चुन्याचा. शिंपल्या भाजून केलेला चुना विझवून पाण्याखाली मुरत ठेवायचा, जितका मुरेल तितका लोण्यासारखा मऊ होतो. मग धुतलेली नदीची वाळू, गुळाचं पाणी, आणि ते सगळं पंधरा दिवस आंबवून कुटायचं. कंटाळा येईपर्यंत नाही, कंटाळा येऊन गेल्यानंतरही. हा झाला पांढरा थर. त्यावर तांबडा, नखाएवढा जाड. जुने कारागीर हुरमुंजी हा तांबडा रंग वापरत, आम्ही जांभ्याची माती फडक्यातून गाळून चुन्यात मिसळतो. पोस्टर कलर चुन्यात मरतो, ही माती मरत नाही. थर ओला असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटायचा आणि काट्याने खरवडायला घ्यायचं. काटे म्हणून आम्ही मोडक्या छत्र्यांच्या काड्या घासून वापरतो, कोकणात त्यांना तोटा नाही. जिथे खरवडाल तिथे पांढरं उमटतं. म्हणजे चित्र काढायचं नसतं, चित्राभोवतीचं ठेवायचं असतं, आणि हे मुलांच्या डोक्यात शिरायला वर्ष लागतं. सकाळी थर दिला तर दुपारपर्यंत हात चालतो. नंतर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत पुन्हा दगड व्हायला लागतो. खोडरबर नाही. ठिगळ लावता येतं, पण ते जन्मभर ठिगळ म्हणूनच दिसतं.

यात एक रीत आहे, आणि सगळी भानगड तिच्यातूनच झाली. दहावीच्या गोलाचा चुना आदल्या वर्षी, नववीत असताना, त्याच मुलांनी विझवून ठेवायचा.

यंदाच्या वर्गाने चिन्ह निवडलं कुर्ली. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला, कारण खेकडा म्हटल्यावर लोकांना काय आठवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलं म्हणाली, सर, आम्ही पाय ओढतोच एकमेकांचे, खोटं कशाला? मला चिन्ह आवडलं. कुर्लीला दोन नांग्या आणि आठ पाय, कावीच्या काट्याला शोभेल असं टोकदार काम. पटावर एकोणीस मुलं. खाका कागदावर काढला, टाचणीने भोकं पाडली, कोळशाची पुरचुंडी आपटून एकोणीस कुर्ल्या ओल्या थरावर उतरवल्या. पूर्वपरीक्षा संपली होती, शनिवार होता, मुलं खुशीत होती.

मधेच मला नववीवर बदली तासाला पाठवलं. चित्रकलेचा शिक्षक म्हणजे शाळेच्या लेखी रिकामा माणूस. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या अ श्रेणीचे सात गुण दहावीच्या टक्क्यांत मिळतात तेवढ्यापुरती त्याची आठवण होते. परत आलो तर गोलात वीस कुर्ल्या. विसावी कडेला, खाक्यात नसलेली, हातानेच खरवडलेली.

कुणाची ते विचारावं लागलं नाही. नववीच्या शेवटी एक मुलगा गळाला होता. घरची ओढाताण, मामाचं पेडण्यात गॅरेज, तिकडे गेला तो गेला. पटावरून नाव कमी झालं.

मी म्हटलं, पटावर एकोणीस आहेत. काटा हातात असलेली मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "चुनो त्यानाच विझवलानी, सर."

ते खरंच होतं. शिंपल्यांची पोती त्याने वाहिली होती, विझताना चुना उसळतो तेव्हा बाकीचे मागे सरले आणि हा हातांना खोबरेल चोपडून, डोळ्यांना चष्मा लावून काठीने ढवळत राहिला. आता तो चुना भिंतीवर होता. थर अजून ओला होता, ती कुर्ली बुजवता आली असती. मी गोटा उचलला आणि दुसऱ्या बाजूची कड घोटायला घेतली.

शुभेच्छा समारंभाला चेअरमन आले आणि त्यांनी मोजल्या. हा माणूस व्यापारी आहे, मोजतोच. त्यांची अडचण अशी की बाहेरच्या फलकावर आम्ही शंभर टक्के निकाल लिहितो. आमचा कोकण विभाग राज्यात पहिला येतो आणि त्यात आम्ही शंभर टक्केवाले. एकोणीस बसले, एकोणीस पास, असं उद्या लिहायचं आणि आत भिंतीवर वीस? तपासणीला आलेल्या साहेबांनी विसावा कोण विचारलं तर शाळाबाह्य मुलाचा कागद कुणी भरायचा? मला त्यांचा राग आला, पण मुद्दा खोटा नव्हता. त्या मुलाला परत आणायला त्याच्या घरी कोण गेलं होतं, हा प्रश्न मात्र समितीत कुणीच काढला नाही.

ठरत आलं होतं ते असं: तेवढ्यावर तांबडा ऑइलपेंट मारायचा. मी सांगितलं की चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, ऑइलपेंट तिचं तोंड बंद करतो, पहिल्या पावसाळ्यात फोड येतील आणि पापुद्र्याबरोबर शेजारच्या कुर्ल्याही सुटतील. शब्द न् शब्द खरा. समितीला मुलगा समजावून सांगण्यापेक्षा चुना समजावून सांगणं सोपं जातं, हे मी नोकरीत शिकलोय. विषय पुढच्या सभेवर गेला.

मे महिन्यात तो मुलगा स्वतः आला, मोटरसायकलवरून, कुणाचा तरी दाखला न्यायला. मी त्याला पडवीत नेलं. थोड्या कौतुकानेच नेलं. त्याने वाकून बघितलं, बोटाने कड चाचपली, चुना नीट बसलाय म्हणाला. मग पाय मोजले. घाईत केलेली ती कुर्ली, तिला सहाच पाय होते.

"बरी आसा," तो म्हणाला. जरा थांबून, "पण सर, माका कोण विचारूक इलो?"

मी म्हटलं, नको असेल तर काढू आपण. मी स्वतः ठिगळ लावीन, बेमालूम जमेल तेवढं.

"आता काढून काय होतला?" म्हणाला, आणि दाखला तयार झाला का ते बघायला ऑफिसात गेला.

त्याला नकोच होती की विचारलं असतं तर हवी होती, ते मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. मुलांना मी हे सांगितलेलं नाही. चेअरमनांना तर नाहीच, ते लगेच म्हणतील की बघा, त्याचीच हरकत आहे. नववीची पोरं गेल्या आठवड्यात शिंपल्यांची पोती घेऊन आली. त्यांच्या पटावर चौदा आहेत. पोती उतरवताना मी पहिल्यांदाच हजेरीवही बरोबर घेऊन उभा राहिलो. सभा गणपतीनंतर आहे.