आमची वाटचाल : पट्टा तुटला तर?

इंजिन काढून विजेवर केलेल्या गाड्यांसाठी दोन मोटरी पट्ट्याने एकत्र जोडायचे संच आम्ही बनवतो. नवीन गिऱ्हाईक आलं की मोटरवरची पाटी वाचायच्या आधी मी एकच विचारतो, "पट्टा तुटला तर पुढे काय होईल, याचा विचार केलाय का?" बरेच जण दचकतात. पट्टा न्यायला आलेल्या माणसाला पहिलाच प्रश्न पट्टा तुटण्याबद्दल! पण हा प्रश्न आम्हाला एका मोडलेल्या मोटरने शिकवला आणि आमच्या धंद्याला खरी दिशा मिळाली ती त्या दिवसापासून.

सुरुवात साधी होती. माझं लेथचं जॉबवर्क. लोक ड्रॉइंग आणायचे, मी पुल्या, बुश, शाफ्ट कातून द्यायचो. जोडीला भाचा आला, इलेक्ट्रिकलचं शिक्षण नुकतंच संपवलेला. एक दिवस एक गृहस्थ फोर्कलिफ्टमधून काढलेल्या दोन मोटरी घेऊन दारात उभे राहिले. घरी त्यांची गाडी इंजिन उतरवून ठेवलेली होती. एका मोटरने ती गाडी ओढली जात नव्हती आणि एकटीने ओढेल अशी मोठी मोटर त्यांना मिळत नव्हती. "दोघींचं काम एका शाफ्टवर आणून द्याल का?" एवढंच त्यांचं म्हणणं.

दोन मोटरी एकामागे एक, एकाच ओळीत बसवता येतात. जॉन वेलँड यांनी १९७२ च्या डॅटसन १२०० वर केलेल्या 'व्हाइट झोम्बी' या विजेच्या गाडीत तसंच होतं आणि ती गाडी ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे छोट्या सरळ अंतराच्या शर्यतींत, गाजली. पण त्याला लांबी लागते आणि दोन्ही मोटरींचे मध्यबिंदू केसाच्या फरकाने जुळावे लागतात. आमच्या गृहस्थांच्या गाडीत लांबी नव्हती, रुंदी होती. म्हणून मोटरी शेजारी शेजारी ठेवायच्या आणि पट्ट्याने एका मधल्या शाफ्टला जोडायच्या असं ठरलं.

पहिला प्रयोग व्ही-पट्ट्यावर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेत बसणाऱ्या बिनदाती पट्ट्यावर केला. गाडी उठताना पट्टा घसरला, रबर जळल्याचा वास सुटला. ताण वाढवला तर बेअरिंग हाताला चटका बसेल इतकं तापलं. व्ही-पट्टा पकड धरतो ती ताणाच्या जोरावर, आणि तो सगळा ताण मोटरच्या पुढच्या बेअरिंगवर आडवा येतो. दोन दिवसांत तो नाद सोडला आणि दातेरी पट्ट्याकडे वळलो. दाते असले की घसरण्याचा प्रश्न उरत नाही, ताण कमी लागतो आणि जेमतेम दोन टक्के शक्ती वाया जाते.

तिथे दुसरी चूक झाली. कॅटलॉगमध्ये पट्टा किलोवॅट आणि फेरे बघून निवडायचा असतो. मोटर १५ किलोवॅटची, मिनिटाला ३००० फेरे. हिशेब केला तर टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर, ४८ न्यूटन-मीटर येतो आणि तेवढ्याचा पट्टा आम्ही घेतला. पण विजेची मोटर सगळ्यात जास्त जोर लावते ती शून्य फेऱ्यांवर, गाडी जागेवरून हलतानाच. आमची मोटर त्या क्षणी १०० न्यूटन-मीटरच्या वर जात होती. ८ मिलिमीटर अंतराचे ४० दाते असलेली पुली घेतली, तर तिची त्रिज्या ५१ मिलिमीटर. म्हणजे पट्ट्यावर दोनशे किलो वजनाएवढी ओढ, आणि तीही झटक्यात. चढावर गाडी सोडली आणि कडकड आवाज करत पट्ट्याने दाते ओलांडले. तेव्हापासून आमच्याकडे हिशेब सुरू होतो तो उभ्या गाडीपासून. मोटरीला वीज मोजून देणारा कंट्रोलर जास्तीत जास्त किती ॲम्पियर सोडतो, त्यावर मोटर किती टॉर्क देते, ते आधी कागदावर मांडायचं. किलोवॅटचा आकडा आम्ही शेवटी बघतो.

रुंद पट्टा आला, गाडी चालली. ती बघून आणखी चार जण आले. आम्ही प्लेट, पुल्या, पट्टे असा संच करून कुरिअरने पाठवायला लागलो. धंदा लागला असं वाटत होतं.

मग तो फोन आला. आमचाच संच लावलेली गाडी धावत असताना तिचा जोर एकाएकी गेला. चालवणाऱ्याने साहजिकच पेडल आणखी दाबलं. बॉनेटखालून शिट्टीसारखा आवाज चढत गेला आणि धाडकन काहीतरी फुटलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. मोटर आमच्याकडे आली. भाच्याने मागचं झाकण उघडलं, तर मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्या जागा सोडून वर आलेल्या, त्यांच्यावर घासणाऱ्या ब्रशचे तुकडे तळाशी पडलेले. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

झालं होतं ते असं. या सिरीज वाइंडिंगच्या मोटरी, म्हणजे आतली वेटोळी एकामागे एक जोडलेल्या. अशा मोटरीवरचा भार गेला की ती वेग धरतच जाते, तिला स्वतःहून थांबायची जागा नसते. त्यातून दोन्ही मोटरी सिरीजमध्ये जोडलेल्या. एकीचा पट्टा तुटला, ती मोकळी झाली, तिचा वेग वाढला तसा फिरताना ती स्वतः तयार करते तो उलटा व्होल्टेजही वाढला आणि बॅटरीचा बहुतेक व्होल्टेज तिनेच खाल्ला. गाडीला जोडलेल्या दुसरीच्या वाट्याला काही उरलं नाही, म्हणून जोर गेला. आणि पेडल दाबलं की भर पडणार ती मोकळ्या मोटरीतच.

पण पट्टा तुटला का? तो मी हातात घेतला. ओढीने तुटलेल्या पट्ट्याची टोकं फाटकी, वेडीवाकडी असतात. हा सरळ रेषेत तुटला होता, कात्रीने कापावा तसा. दातेरी पट्ट्याच्या पोटात काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात. ओढ त्या भरपूर सोसतात, पण पट्टा मुडपला की जागच्या जागी मोडतात आणि वरून काही दिसत नाही. पार्सल लहान व्हावं म्हणून तो पट्टा घडी घालून, सुतळीने बांधून मीच पाठवला होता. दोष सर्वस्वी माझा. त्या गृहस्थांना आम्ही मोटर भरून दिली आणि आधी पाठवलेले सगळे पट्टे परत मागवून बदलून दिले. ते वर्ष जड गेलं. पण त्या वेळी एकानेही आम्हाला सोडलं नाही, हे मी विसरणार नाही.

आता पट्टा मोठ्या चपट्या खोक्यात, मोकळ्या वर्तुळातच जातो. प्रत्येक मोटरीच्या शाफ्टवर लोहचुंबक आणि समोर सेन्सर असतो. दोघींच्या वेगात ठरलेल्यापेक्षा जास्त फरक पडला की आधी कंट्रोलर बंद होतो, मग काँटॅक्टर, म्हणजे बॅटरी तोडणारा मोठा स्विच, सुटतो. हा क्रम भाच्याने हट्टाने ठरवला. भर करंटमध्ये काँटॅक्टर सोडला तर आतली टोकं ठिणगीने चिकटून बसू शकतात. सेन्सर नको, नुसता संच द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो.

पुढे कायम चुंबकाच्या मोटरी आल्या आणि प्रश्न बदलले. एकाच मॉडेलच्या दोन मोटरीही तंतोतंत सारख्या नसतात. ब्रशवाल्या दोघी पॅरललमध्ये जोडल्या आणि ७२ व्होल्टवर त्यांच्या उलट्या व्होल्टेजात दोन टक्क्यांचा फरक असला, तर तो होतो १.४४ व्होल्ट. दोघींचा मिळून रोध २० मिलिओहम धरला तर ७२ ॲम्पियर नुसते दोघींमध्ये फिरत राहतात, एक दुसरीला ढकलत बसते. म्हणून प्रत्येकीला वेगळा कंट्रोलर, आणि तोही टॉर्कवर चालणारा. दोन्ही कंट्रोलर वेग धरायला बघत असतील तर पट्ट्याच्या दोन टोकांना त्यांची रस्सीखेच सुरू होते.

ब्रश नसलेल्या मोटरींत काही जण एकाच इन्व्हर्टरवर, म्हणजे बॅटरीच्या डीसीचा एसी करून मोटरीला देणाऱ्या यंत्रावर, दोघींना चालवायचं म्हणतात, दात्यांनी त्या बांधलेल्याच आहेत ना, असं त्यांचं म्हणणं. पण ४० दात्यांच्या पुलीवर एक दाता म्हणजे ९ अंश, आणि चुंबकाच्या चार ध्रुवजोड्यांच्या मोटरीत त्याचे विजेचे अंश होतात ३६. इन्व्हर्टरची एकच लाट दोघींना चालवते, म्हणून पट्टा चढवताना एका दात्याची चूक झाली की एक मोटर त्या लाटेच्या तेवढी मागेपुढे पडते आणि संपलं. चुंबक नसलेल्या इंडक्शन मोटरींचं बरं असतं. त्यांच्यातली स्लिप, म्हणजे लाटेच्या थोडं मागे राहून फिरणं, असा फरक सामावून घेते, पुल्या मात्र सारख्या मापाच्या हव्यात.

ताण धरायला आम्ही आधी स्प्रिंगचा आयडलर, म्हणजे पट्टा दाबून धरणारी मोकळी पुली द्यायचो, ढिल्या बाजूला. ब्रेकबरोबर मोटर वीज परत बॅटरीत ढकलायला लागली की ढिली बाजू ताठ होते आणि ताठ बाजू ढिली. स्प्रिंग दबते, पट्टा उडतो. आता मोटरीच खाचेत सरकवून ताणतो आणि बोल्ट पक्के करतो. आणखी एक गोष्ट विचारल्याशिवाय मी सांगतो : ब्रशवाल्या दोन मोटरी समोरासमोर तोंडं करून बसवू नका. एक उलटी फिरेल, आणि ब्रश एका दिशेसाठी सरकवलेले असतील तर कम्युटेटरवर ठिणग्यांचा सडा पडेल.

या कामातला माझा आवडता भाग ताण तपासण्याचा. दोन पुल्यांमधल्या पट्ट्यावर बोटाने टिचकी मारायची आणि ऐकायचं. पट्टा तारेसारखा बोलतो. ताण चौपट केला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. भाचा मोबाइल जवळ धरून हर्ट्झ मोजतो, मी आधी कानाने अंदाज सांगतो. "मामा, अजून खाली आहे," असं तो म्हणाला की पाना पुन्हा हातात घ्यायचा, पाव फेरा द्यायचा, मग सरळपट्टी लावून दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत ना ते बघायचं, कारण ताणताना मोटर हमखास तिरकी होते. पाव अंशापेक्षा जास्त तिरकेपणा दातेरी पट्टा सोसत नाही, कडेने झिजायला लागतो.

परवा आमचे पहिले गृहस्थ आले होते, त्याच फोर्कलिफ्टच्या मोटरी, तीच गाडी. पट्ट्याच्या कडेचे दोरे निघायला लागले होते, म्हणून त्यांनी स्वतःच बदलायला आणला. जुना काढला, दाते मोजले, नवा चढवला. टिचकी मारली, सूर जमला. नवा पट्टा पहिल्या काही तासांत पुलीत बसतो आणि ताण थोडा उतरतो. म्हणून उद्या सकाळी ते पुन्हा येणार आहेत, गाडी थंड असताना परत एकदा ऐकायचंय.