खोडलेला पाणचिरा

अलिबागजवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर पाहिलेला पाणचिरा (इंडियन स्किमर, दुर्मीळ पक्षी) मी माझ्या पक्षीनोंदींच्या यादीतून का काढला, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फोनवर विचारलंत, लग्नाच्या पंगतीत विचारलंत, परवा अलिबागच्या एसटी स्टँडवर रांगेत एकाने मागून खांद्यावर हात ठेवून विचारलं. विचारणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, "मग तेव्हा खोटं लिहिलं होतंत का?" दुसरा म्हणतो, "चार वर्षं होती ना नोंद, राहू द्यायची. कुणाचं काय जात होतं?" पहिल्यांचा मला राग येत नाही. दुसऱ्यांचा येतो.

खोटं लिहिलं नव्हतं. हे आधी ऐकून घ्या.

२०१७ ची महाशिवरात्र २४ फेब्रुवारीला होती. गोष्ट आदल्या दिवशीची, त्रयोदशीची. भरतीची पाऊणकी आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते: तिथीची पाऊणपट, तेराचे पावणेदहा. म्हणजे सकाळी पावणेदहाला भरती आणि चारच्या सुमारास ओहोटी, पाणी पार आत. मी साडेतीनला सुरूच्या बनातून खाली उतरलो. तोंड पश्चिमेला, ऊन सरळ डोळ्यांत, ओल्या वाळूवरची हवा थरथरत होती. कुरवांची (सीगलची) डोकी काळी व्हायला लागली होती, बारक्या चिखल्या पक्ष्यांच्या छातीवर विटकरी रंग चढत होता. (त्या चिखल्याचं नावही नंतर बदललं. तेव्हाचा लेसर सँड प्लोव्हर आता दोन जातींत वाटला गेलाय, आपल्याकडचा तो बहुतेक तिबेटी. माझ्या त्या सगळ्या नोंदी बदलल्या. त्याबद्दल मला कुणी हटकत नाही.)

खाडीच्या तोंडाकडून तीन पक्षी आले. पाण्याला लागून, अगदी खालून. वरून काळे, खालून पांढरे, चोच लालभडक. अक्षीत असा पक्षी दिसला की डोळे मिटून कालवफोड्या म्हणायचं, दर हिवाळ्यात ते तिथे असतात. पण कालवफोड्या उडाला की पंखावर पांढरा रुंद पट्टा उघडतो, तो लांबूनही लपत नाही. पुढच्या दोघांचा दिसला. तिसऱ्याचा दिसला नाही. आणि तिसऱ्याने, मी आजही सांगतो, एकदा चोच पाण्याला लावली आणि हातभर रेघ ओढली. पाणचिऱ्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब असते, ती पाण्यात धरून तो उडतो, नावच त्यावरून पडलंय. आपल्याकडचा दुसरा कुठला पक्षी असं करत नाही.

खडकांपाशी एक काकी कालवं काढत होत्या. मी धावत जाऊन विचारलं, "काकी, ते आत्ता गेले ते पाहिलेत?" त्यांनी कोयतीने एक शिंपला उचकटला, मान वर न करता म्हणाल्या, "ती लाल चोचीची ना? ती त कालवांवर रोज येतान." मी मनात म्हटलं, यांना काय कळतंय. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण म्हटलं होतं.

रात्री ई-बर्डवर, म्हणजे पक्षी पाहणाऱ्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, नोंद टाकली. तपासणाऱ्यांनी पुरावा मागितला, दुर्मीळ पक्ष्याला मागतातच. माझ्याकडे एक फोटो होता, त्यात तीन काळे ठिपके. मी पुराव्याऐवजी पानभर वर्णन पाठवलं. रेघ, पट्टा, उडण्याची ढब, सगळं. लिहिता येतं हो मला. नोंद मान्य झाली.

चार दिवसांनी पुण्याहून सर आले. मला दुर्बीण धरायला शिकवली ते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, एक गुडघा कामातून गेलेला, आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाणचिरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. माझा मेसेज वाचून स्वारगेटवरून पहिल्या एसटीत बसले. दोन दिवस ते त्या वाळूत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. खुर्चीचे पाय रुतायचे, दर अर्ध्या तासाला मी त्यांना उठवून खुर्ची उपसायचो. ओहोटी रोज पाऊणेक तास पुढे सरकत होती, आम्ही तिच्या मागे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाडीच्या तोंडाकडून तेच तीन आले. तीनच. खालून, पाण्याला लागून. तिघांच्याही पंखांवर पट्टा. सर स्कोपला डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "कालवफोडे छान दिसले." बस्स. वाटेत नागावला चहा प्यायलो तेव्हा ते आंब्याच्या मोहोराबद्दल बोलले.

त्यांनी मला खोटं ठरवलं असतं तर मी भांडलो असतो. माझ्याकडे मुद्दे होते. तेच तीन कशावरून? त्या दिवशीचा तिसरा निघून गेला नसेल कशावरून? आता वाचताना मलाच ऐकू येतं की हा माणूस वकिली करतोय. फेब्रुवारीच्या अखेरीस पाणचिरे घरट्यांच्या हंगामासाठी चंबळेच्या वाळूकडे जमायला लागलेले असतात, हे तेव्हाही मला माहीत होतं. पानभर वर्णनात ते मी लिहिलं नाही.

२०२१ मध्ये, लॉकडाऊनमध्ये जुने फोटो आवरताना तो फोटो मोठा करून पाहिला. दोन ठिपक्यांवर पांढरं स्पष्ट आहे. तिसऱ्याचा पंख नेमका खाली वळलेला. काहीच सिद्ध होत नाही, ना इकडे ना तिकडे. त्या रात्री नोंद काढली.

तर पहिल्या पंथाला उत्तर: जे पाहिलं तेच लिहिलं, फक्त जे पाहायचं होतं तेही त्यात मिसळलं. किती, ते मला वेगळं काढता येत नाही. दुसऱ्या पंथाला: उद्या कुणी अभ्यासक रायगडचा नकाशा काढेल आणि अक्षीवर एक टिंब देईल, ते टिंब माझ्या हौसेचं असेल. ज्या गावात शके ९३४ चा म्हणून वाचला जाणारा शिलालेख आहे, आणि त्या आकड्यावरही अभ्यासक भांडतात, तिथे मी माझा आकडा जरा जपून ठेवावा, एवढंच.

आणि ती रेघ? ती मी पाहिली. आजही पाहिली.

नोंद काढल्यावर सरांना फोन केला. वाटलं होतं, बरं केलंस म्हणतील. ते थोडं थांबून म्हणाले, "तिसऱ्याचा पट्टा त्या दिवशी दिसला होता का तुला?"

"नाही."

"मग काढलीस कशाला?"