क्लबफूटचा बूट: सगळा खेळ टाचेचा

क्लबफूट म्हणजे जन्मतःच आत वळलेलं पाऊल. त्यावरच्या पॉन्सेटी उपचारपद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होतं. शेवटचं प्लास्टर निघालं की त्याच दिवशी बूट आणि दोन्ही बूट जोडणारी दांडी. पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास, मग झोपेच्या वेळी 12 ते 14 तास, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. इथे ढिलाई झाली की पाऊल पुन्हा आत वळतं.

मापं थोडीच आहेत, पण चुकवायची नाहीत. बाधित पाऊल दांडीवर 60 ते 70 अंश बाहेर वळलेलं. दुसरं निरोगी असेल तर ते 30 ते 40 अंशांवर. दोन टाचांमधलं अंतर बाळाच्या खांद्यांच्या रुंदीइतकं. दांडी आखूड केली तर बाळ अवघडतं, रडतं, आणि तिसऱ्या रात्री घरचेच बूट काढून ठेवतात. दांडीला मधोमध हलका बाक द्यायचा, फुगवटा बाळापासून दूर. पावलं जवळजवळ आडवी बाहेर वळलेली असतात, त्यामुळे दांडीची टोकं उचलली गेली की चवडेही आपोआप वर येतात. नुसता गुडघ्याखालचा स्प्लिंट हे बाहेरचं वळण धरून ठेवत नाही, म्हणून दांडीला पर्याय नाही.

खरी अडचण टाचेची. बाळाची टाच लहान, गुबगुबीत. साध्या बुटातून ती सहज वर सरकते. आणि टाच उचलली गेली की दांडीवरचे अंश बरोबर असूनही पाऊल आत ढिलंच. म्हणून बुटाचा फर्मा, म्हणजे साचा, सरळ हवा, बोटं उघडी, टाचेच्या वर बसणारी मऊ गादी आणि टाच दिसेल असं भोक. घालताना गुडघा वाकवून टाच खाली दाबायची, घोट्यासमोरचा मधला पट्टा आधी आवळायचा, नाड्या नंतर. टाच बसलेली असताना बोटं जिथे येतात तिथे तळावर पेनाने रेघ मारून द्या. रात्री अकराला आईला तेवढं पाहिलं तरी पुरतं.

टाचेमागे लालभडक डाग किंवा फोड आला की लोक पट्टा सैल करतात. उलटं आहे: पाऊल आत घासतंय म्हणून फोड येतो, तेव्हा पट्टा एक भोक पुढे घ्या. तरीही सरकत असेल तर बुटाची जीभ काढून पाहा. क्रीम लावू नका, कातडी आणखी मऊ पडते. मोजे सुती, शिवण टाचेखाली येणार नाही असे.

दांडीला फोम गुंडाळा, नाहीतर पहिला मार पाळण्याला आणि दुसरा आजीच्या नडगीला. स्क्रू मात्र दर आठवड्याला तपासा. लाथांनी ते सैल होतात आणि कोन हळूच बदलतो.