आमची वाटचाल : गाडी कोणी बांधली?

जुनी गाडी कोणी बांधली ते आज आम्ही ओळखून देतो, पण आमचा धंदा मुळात बैलगाडीचा. आजोबा चौलला साट्या म्हणजे गाडीचे सांगाडे बांधायचे, चाकाचे आरे तासायचे, धाव म्हणजे लोखंडी पट्टा तापवून चाकावर चढवायचे. एसटी गावोगाव पोचली, मागून रिक्षा आल्या आणि बैलगाड्या परसात उभ्या राहिल्या. बाबांनी मग अलिबागच्या किनाऱ्यावरच्या घोडागाड्या धरल्या. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात माणसं नेणारी गाडी रोज खाऱ्या पाण्यातून जाते, तिचं लोखंड मीठ खातं. दुरुस्तीला तोटा नव्हता. आमची शिक्षणं त्यावरच झाली.

अलिबागचं आणि घोड्यांचं नातं तसं जुनं. मुंबईत 1874 पासून घोड्यांच्या ट्राम होत्या, त्यांचा तिथल्या कुलाबा भागातल्या, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या वेधशाळेला काही त्रास नव्हता. ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा विजेने नोंदी बिघडतील म्हणून वेधशाळेला जागा बदलावी लागली आणि 1904 मध्ये ती आमच्या गावात आली. गावाला अभिमान वाटावा अशी एवढी एकच गोष्ट घोडा मागे पडल्यामुळे मिळाली असेल.

जुन्या गाड्या ओळखण्याचं काम आम्ही ठरवून सुरू केलं नाही. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या हौसेच्या फेरीच्या घोडागाड्या, म्हणजे व्हिक्टोरिया, बेकायदा ठरवल्या. त्यानंतर काही व्हिक्टोरिया किहीम-मांडव्याकडच्या बंगल्यांत शोभेला आल्या आणि त्यांची डागडुजी आमच्याकडे. मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला : “कुठल्या कंपनीची?” भाव त्यावर ठरतो ना!

बहुतेक जण आधी चाकाच्या मधली पितळी टोपी पुसतात आणि तिच्यावरचं नाव वाचून मोकळे होतात. नाव खोटं असतं असं नाही. पण आख, म्हणजे चाकांचा लोखंडी कणा, बनवणारे वेगळे, दिवे बनवणारे वेगळे, स्प्रिंगा तिसऱ्याच्या. टोपीवर कधी गाडी बांधणाऱ्याचं नाव असतं, कधी आखवाल्याचं, कधी विकणाऱ्याचं. शिवाय टोप्या हरवतात आणि एकीची दुसरीला बसते. लंडनचा लाँग एकर हा गाडी बांधणाऱ्यांचा रस्ता. तो पत्ता टोपीवर दिसला की मालकाच्या डोळ्यांत आकडे फिरायला लागतात, आणि आम्हाला मात्र टोपी काढून आत बघायची असते.

आत कॉलिंज पद्धतीचा आख असेल तर एकापुढे एक दोन नट दिसतात, एकाचे आटे उजवे, दुसऱ्याचे डावे, म्हणजे चाक फिरताना सैल पडत नाहीत. टोपी तेल धरून ठेवते. मेल नावाच्या पद्धतीचा आख असेल तर तुंब्यातून, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यातून, तीन लांब बोल्ट आरपार गेलेले असतात. यावरून गाडीचा दर्जा आणि तिने वाहायचा भार कळतो, बांधणाऱ्याचं नाव कळत नाही. त्यासाठी गाद्या काढून सीटखालची चौकट आणि पायरीची मागची बाजू बघायची. तिथे ठोकलेला आकडा कारखान्याचा काम-क्रमांक असू शकतो. लाकूडही बोलतं. विलायती कारखानदार सांगाड्याला ॲश वापरायचे. रंध्याखाली सागवानाचा वास आला की सांगाडा इकडे बांधलेला किंवा बदललेला असण्याची शक्यता धरूनच आम्ही पुढे जातो.

आमचं नाव झालं ते मात्र एका वॅगनमुळे. एका रिसॉर्टच्या शेठनी न्हावा शेव्यावरून कंटेनरमधून अमेरिकन चारचाकी वॅगन आणली. कागदावर स्टुडबेकर, एका बाजूला ताज्या हिरव्या रंगावर स्टुडबेकर. “तुम्ही फक्त लिहून द्या,” शेठ म्हणाले.

स्टुडबेकर बंधूंनी 1852 मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला लोहारकामाचं दुकान काढलं. पुढे वॅगनी आणि मग मोटारी. नाव एवढं मोठं की बेवारशी वॅगनला तेच चिकटवतात. आखाच्या टोकावर बिडाची नळी असते, तिच्यावर 3¼ आणि 10 असे ओतीव आकडे होते. विकणाऱ्याने त्याला मॉडेल नंबर म्हटलं होतं. ते नळीचं माप आहे, इंचांत : जाड तोंडाचा व्यास आणि लांबी. अशा नळ्या ओतकाम करणारे अनेक कारखान्यांना पुरवायचे, त्यामुळे त्या आकड्यांवरून वर्षही सांगता येत नाही.

ताजा रंग न लावलेल्या बाजूवर नुसतं करडं लाकूड. संध्याकाळी लाइट गेली, तेव्हा आमच्या जुन्या सुतारकाकांनी बॅटरी फळीला अगदी टेकवून आडवी धरली. जिथे पूर्वी रंग होता तिथलं लाकूड ऊन-पावसाने कमी झिजतं, तेवढा भाग किंचित वर राहतो आणि तिरप्या उजेडात सावली पाडतो. “अक्षरं आहेत रे,” काका म्हणाले. इंग्रजी एल, ई, आर. त्यांच्या अलीकडे फळी बदललेली.

अहवालात लिहिलं : स्टुडबेकर असल्याचा पुरावा नाही. नावाचा शेवट शिकागोच्या पीटर शटलर कारखान्याशी जुळतो, लोखंडी कामाची ठेवणही तिकडे झुकते, खात्री नाही. शेठ रागावले. बिलाचे पैसे दिवाळीनंतर आले. पण पुढची गाडी घेताना पैसे देण्याआधी त्यांनी फोटो आम्हालाच पाठवले, आणि त्यांच्या ओळखीतले बाकीचेही तेच करू लागले.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात कारखान्याचे पत्रे गेले. ठशांच्या वह्या लोखंडी कपाटात होत्या म्हणून वाचल्या. टोप्यांवरची आणि आखांवरची अक्षरं आम्ही कागद ठेवून पेन्सिलने घासून उतरवून घेतो, त्या या वह्या. नवी गाडी आली की आधी त्या उघडतो.

तुमच्याकडे गाडी असेल तर आणण्याआधी पितळेला ब्रासो आणि लाकडाला पॉलिशपेपर लावू नका, आम्हाला वाचायचं असतं तेच त्याने जातं. दोन्ही बाजू, चारही टोप्या आणि सीटखालची चौकट यांचे फोटो पाठवा. पावसाळ्यात आम्ही गाडी ओळखायला घेत नाही. लाकूड फुगून सांधे खोटे घट्ट दिसतात. गणपती आटोपले की कळवा.