चोलॉनच्या बदकवाल्याकडे आमच्या दालचिनीची परीक्षा

मी वाशीच्या मसाला मार्केटमधे एका ट्रेडिंग कंपनीत परचेसला आहे. मिरी, दालचिनी, बादियान (चक्रीफूल हो, मार्केटमधे सगळे बादियानच म्हणतात), जायपत्री असला माल बघायचा, सँपल काढायचं, रेट तोडायचा, एवढंच काम. आपल्याकडे बऱ्याच लोकांना अजून वाटतं की दालचिनी केरळातून येते, पण किराणा दुकानात दालचिनी म्हणून जी जाडसर साल मिळते ती बहुतेक कॅशिया असते, ज्याला गुजराती व्यापारी तज म्हणतात, आणि बाहेरून येणाऱ्या या मालात सगळ्यात मोठा वाटा व्हिएतनामचा. मिरीत तर ते जगात एक नंबर एक्सपोर्टर आहेत. त्यामुळे हो ची मिन्ह सिटीला माझी फेरी असते. तिथले लोक रोजच्या बोलण्यात सायगॉनच म्हणतात, मीपण तेच लिहितो.

तर झालं असं की पुण्याच्या एका मसालेवाल्या काकू आमच्या जुन्या गिऱ्हाईक. घरगुती काळा मसाला करता करता आता चांगला मोठा कारखाना झालाय त्यांचा. त्यांनी मागच्या लॉटवरून शेठना फोनवर असं काही झापलं की विचारू नका. दालचिनी दिसायला लालबुंद, तुकडा कडक, पण भाजली की वासच नाही. शेठनी मला सांगितलं, जा आणि माल स्वतः बघून ये, नुसत्या पेपरवर भरवसा नको. सप्लायर तोच होता, नाव घेत नाही. त्यांनी पुढच्या कंटेनरसाठी तीन पाऊच सँपल दिले, तीनही स्प्लिट (उभी चिरलेली साल) आणि ब्रोकनचे (मोडके तुकडे), एकाच डोंगराचे असल्यासारखे दिसणारे. तेलाचं प्रमाण काढायला मी त्यातलं थोडं थोडं लॅबला दिलं पण रिपोर्ट लगेच मिळणार नव्हता आणि गोडाऊनची व्हिजिट त्यांनी ऐनवेळी पुढे ढकलली. म्हणजे अख्खा दिवस मोकळा आणि खिशात तीन पाऊच.

आमचं तिथलं काम बघणाऱ्या एजंट बाई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या, इंग्लिश चांगलं. तिथे वयाने मोठ्या बाईला ताई म्हणायची पद्धत आहेच, मी सरळ मराठीत ताईच म्हणतो आणि त्यांना ते आवडतं. ताई म्हणाल्या, हॉटेलात बसून काय करणार, चल माझ्याबरोबर चोलॉनला, खाऊनपिऊन येऊ. ताई स्वतः तिथल्या चिनी कुटुंबातल्या, तेओच्यू बोलीच्या. चोलॉन म्हणजे सायगॉनचा जुना चिनी भाग, डिस्ट्रिक्ट 5 आणि आजूबाजूचा. 2025 च्या जुलैपासून डिस्ट्रिक्ट कागदावरून गेलेत, पण रिक्षावाल्याला अंधेरी सांगावं तसं लोक अजून डिस्ट्रिक्टच सांगतात. इथे कँटनचे, तेओच्यू, फुजियनचे, हैनानचे, हक्का असे पाच वेगवेगळ्या बोलींचे चिनी पिढ्यानपिढ्या राहतायत. 1978-79 च्या सुमारास व्यापार सरकारजमा झाला तेव्हा यातले खूप जण बोटीत बसून देश सोडून गेले, ताईंचा मोठा भाऊ त्यातलाच, आता ऑस्ट्रेलियात असतो. हे त्यांनी स्कूटर चालवता चालवता, मान मागे वळवून सांगितलं आणि मी समोरून येणारा ट्रक बघत होतो.

सकाळी आधी फो, म्हणजे तांदळाच्या नूडल्सचं रस्सेदार सूप, खाल्लं, खरं तर चोलॉनला जायच्या आधीच, साध्या फुटपाथवर, लाल प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर गुडघे कानाला लावून. मी बीफ खात नाही म्हणून चिकनचं, फो गा. 60 हजार डाँग, आपले 200 रुपये. फो हा मूळ उत्तरेकडचा प्रकार, 1954 ला देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले आणि त्यांच्याबरोबर तो सायगॉनमधे सगळीकडे पसरला. इथे आल्यावर मात्र सायगॉनवाल्यांनी त्यात आपलं घातलं, म्हणजे ताटभर तुळशीच्या जातीची पानं, मोड आलेले मूग, लिंबू, मिरची, वर गोडसर काळा सॉस. उत्तरेकडची जुनी माणसं याला अजून नाक मुरडतात म्हणे. मी पहिला घोट काहीही न घालता घेतला, सवय आहे. चिकनच्या रश्शात मसाला हलका असतो, आलं आणि कांदा जाळावर भाजलेला, धने, आणि पार मागे बादियानची एखादी पाकळी. बीफवाल्यात हे सगळं जोरात असतं, शेजारच्या माणसाच्या वाटीतून वाफ येत होती त्यातच कळत होतं.

मग बिन्ह तै मार्केट. हे 1928 च्या सुमारास क्वाच दाम नावाच्या चिनी व्यापाऱ्याने बांधून दिलेलं, पिवळं, मधे घड्याळाचा मनोरा, चौकात त्याचाच पुतळा. भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली होती असं तिथे सांगतात. होलसेल मार्केट आहे, त्यामुळे मला एकदम वाशीत आल्यासारखं, तेच हमाल, तीच ओरड, तसंच पोत्यात हात घालून मूठ वर काढायची आणि नाकाशी न्यायची. एका दुकानात मी मिरीच्या पोत्यात हात घातला तर दुकानदारीण हसायला लागली, ताईंना म्हणाली हा टुरिस्ट नाही.

पण खरी मजा हाय थुओंग लान ओंग रस्त्यावर. हा औषधी वनस्पतींच्या दुकानांचा रस्ता, नाव अठराव्या शतकातल्या एका वैद्याचं, ले हू त्राक त्याचं नाव आणि हे टोपणनाव. रस्त्याला वळलात की आधी वास येतो मग दुकानं दिसतात. दालचिनीची अख्खी साल, हाताएवढी लांब, दोन्ही बाजूंनी आत वळलेली, संत्र्याची वाळवलेली सालं, ज्येष्ठमध, खजुरासारखं लाल लाल काहीतरी, गोजीची वाळलेली फळं. ताईंनी एका बरणीत हात घालून मला काळपट दाणे दिले, फुटलेली सालं आणि आत काळं चकचकीत बी. मी दाताखाली धरलं आणि अक्षरशः ओरडलो, अहो हे तिरफळ! मी रत्नागिरीकडचा, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नसेल तर आमच्याकडे जेवण अर्धवट. व्हिएतनामच्या वायव्येला डोंगराळ भागात लोक ते मांस भाजताना लावतात, माक खेन म्हणतात, आणि वनस्पतीशास्त्रात आपल्या तिरफळाचं जे नाव आहे तेच त्याचं. चिनी पंचमसाल्यातली सिचुआन मिरी ती याची चुलत बहीण, तीही शेजारच्याच बरणीत होती, दोन्ही चाखून बघितल्या, जीभ अर्धा तास बधिर. वीस वर्षं मसाल्याच्या धंद्यात काढून हे मला कुणी सांगितलं नव्हतं, रागच आला थोडा.

दुपारी एका हातगाडीवर बोत चिएन. तांदळाच्या पिठाचा उकडलेला गोळा, त्याचे चौकोनी तुकडे करून लोखंडी सपाट तव्यावर कुरकुरीत करायचे, वरून अंडं फोडायचं, कांद्याची पात, बाजूला किसलेली कच्ची पपई आणि गोड-आंबट सोया. उकडून मग तळायचं, म्हणजे आपल्या कोथिंबीर वडीचंच डोकं. हे तेओच्यू लोकांचं खाणं पण आता अख्ख्या सायगॉनची पोरं शाळा सुटल्यावर हेच खातात. ताईंच्या मते इथलं चिनी कुठे संपतं आणि व्हिएतनामी कुठे सुरू होतं हे त्यांनाच सांगता येत नाही. मला एक मात्र वाटलं, आपल्या नाक्यावरच्या लालभडक चायनीज गाडीचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, आणि मला ती गाडीपण आवडते, तो वेगळा विषय.

संध्याकाळी पाऊस. तिथला पाऊस चारच्या सुमारास येतो, धो धो, आणि तासाभरात जातो. त्या पावसात ताईंनी मला एका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बदकवाल्याकडे नेलं. पदार्थाचं नाव ‘मी वित तिएम’, म्हणजे अंड्याच्या पिवळ्या नूडल्सवर बदकाची अख्खी तंगडी, कँटनी पद्धत. बदक आधी खोल तेलात तळून घेतात, कातडीचा रंग पार तपकिरी होईपर्यंत, मग तासन्‌तास मंद आचेवर बादियान, दालचिनी, संत्र्याची वाळकी साल, सुके शिटाके मशरूम यांच्या रश्शात शिजवतात. वर पालेभाजी, बाजूला व्हिनेगरमधली हिरवी मिरची. चमच्याचा धक्का लागला की मांस हाडावरून सुटतं. रस्सा काळा पण चिकट नाही, आणि पहिल्या घोटात दालचिनी नाही लागत, गिळल्यावर घशात लागते, गोड आणि तिखट एकदम. मला ते कळलं आणि मी चमचा ठेवून ताईंना म्हटलं, या माणसाला विचारा हा दालचिनी कुठली वापरतो.

म्हातारा सत्तरीचा, बनियन आणि हाफ पँट, अत्यंत खडूस. आधी त्याला वाटलं मी रेसिपी मागतोय. ताईंनी समजावलं की हा इंडियाचा मालवाला आहे, तेव्हा त्याने काउंटरखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि एक तुकडा माझ्यासमोर आपटला. जाड, चार-पाच मिलिमीटर, बाहेरून करडी खडबडीत पाठ, आतली बाजू गडद. नखाने आतून ओरखडा काढला तर तेलाची ओल दिसली. मला राहवलं नाही, मी खिशातले तीन पाऊच काढले.

तो खुर्ची ओढून बसला. गिऱ्हाईकं उभी, पाऊस चालू, सूनबाई आतून ओरडतायत, याला काही नाही. पहिल्या पाऊचमधला तुकडा त्याने मोडला, आवाज ऐकला, दाताने टोक तोडलं आणि नुसता चघळत बसला, चांगला मिनिटभर. मग दुसरा. मग तीन ग्लास मागवले, प्रत्येकात एकेक तुकडा, वरून किटलीतलं उकळतं पाणी, आणि ग्लासावर बशी. सांगितलं, थांब. मी तोवर नूडल्स संपवल्या. बशा उचलून त्याने वास घेतला, मला घ्यायला लावला. पहिल्याचा वास सरळ नाकात चढला. दुसरा बरा. तिसरा म्हणजे भिजलेलं लाकूड, रंग मात्र तिघांत सगळ्यात छान. त्याने तिसरं पाऊच बोटाने माझ्याकडे ढकललं आणि काहीतरी बोलला, ताई इतक्या हसल्या की त्यांना सांगता येईना. म्हणाला होता, हे उदबत्तीवाल्याला दे. तिथे दालचिनीच्या भुशाची उदबत्ती करतात खरंच.

मग त्याने तिसऱ्यातले तुकडे टेबलावर पसरून दाखवले. बरेचसे पातळ, पाठ गुळगुळीत. फांदीची साल. दालचिनीचं तेल जुन्या झाडाच्या खोडाच्या सालीत जास्त, फांदीच्या कोवळ्या सालीत कमी, हे मलाही माहीत आहे, पण ब्रोकन मालात सगळे तुकडे एकत्र झाले की पातळ किती आणि जाड किती हे पोत्यात हात घालून कळत नाही, आणि मिक्स करणाऱ्याला तेच पाहिजे असतं. काकूंच्या लॉटला काय झालं होतं ते तिथे टेबलावर पसरलेलं होतं. मी मोबाईलवर फोटो काढून शेठना पाठवले, मागे बदकाची तंगडी दिसत होती. शेठचा लगेच फोन, अरे तू तिकडे माल बघायला गेलायस का खायला? म्हटलं शेठ, आज दोन्ही एकच आहे. ते काय बोलले ते इथे लिहीत नाही.

लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा आकड्यांचा क्रम म्हाताऱ्याने लावला तोच होता. फक्त दुसरं सँपल लॅबच्या मते पहिल्याच्या अगदी जवळ होतं, म्हाताऱ्याने त्याला जरा जास्तच खाली ढकललं. मी सप्लायरकडे बसलो तेव्हा रिपोर्ट नाही काढला, आधी तिसरं पाऊच टेबलावर ओतलं आणि पातळ तुकडे वेगळे करत बसलो, एकेक. त्यांचा सेल्सवाला पोरगा बघत होता, थोड्या वेळाने आत जाऊन मोठ्या साहेबाला घेऊन आला. चार तास लागले. शेवटी स्प्लिट आणि ब्रोकन वेगळ्या पोत्यात, ब्रोकनमधे सालीच्या जाडीची अट, आणि लोड करताना ताई स्वतः हजर राहून पोती फोडून बघणार, एवढं कागदावर आलं. रेट किलोमागे थोडा चढला, तो चढणारच होता.

ताईंना मी म्हटलं, म्हाताऱ्याला काहीतरी द्यायला हवं. त्यांनी सांगितलं पैसे दिलेस तर अंगावर धावून येईल, पुढच्या वेळी येताना तुझं ते तिरफळ आण, त्याला बघायचंय. आईला सांगून ठेवलंय, यंदाचं वाळवलेलं बाजूला काढून ठेवायला.

आणि काकूंकडे नवीन माल पोचल्यावर त्यांचा फोन आला. दालचिनी फर्स्टक्लास आहे म्हणाल्या, वास अख्ख्या कारखान्यात भरलाय. पेमेंट मात्र जुन्याच रेटने केलं.